डेरेदार म्हणजे किती?

थंडी पडली की चिंचपोकळीला आमच्या चाळीच्या तोंडाशी रोपांची हातगाडी येऊन उभी राहायची. शेवंती, झेंडू, डेलिया, दोन-चार गुलाब, बाकी क्रोटन आणि मनी प्लांट. आई गाडीपाशी थांबली की मीही पिशवी धरून थांबायचो. एका संध्याकाळचं बोलणं अजून कानात आहे.

"काकी, ही न्या. बघा कशी भरलीय."

"भरलीय कुठं? नुसती वाढलीय. ती मागची दे."

मागची शेवंती वीतभर बुटकी होती. भाव दोन्हींचा एकच. तरी गाडीवाल्यानं वाद घातला नाही, कारण त्या दोन शब्दांतला फरक त्यालाही पुरेपूर ठाऊक होता. वाढणं म्हणजे उंची. भरणं म्हणजे बुंध्यापासून शेंड्यापर्यंत फांद्यापानांनी जागा धरणं. शेवंतीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खालच्या डोळ्यांना फुटू देत नाही. शेंडा वेळेवर खुडला की ती अडवणूक संपते, बाजूचे डोळे फुटतात आणि झाड भरतं. खुडायचं राहून गेलं तर ते नुसतं वाढतं. आईला ऑक्झिन माहीत नव्हतं, पण कुंडीतल्या झाडाकडं पाहून तिनं त्याचे दोन गुण वेगळे काढले आणि प्रत्येकाला नेमका शब्द दिला. याच कामासाठी आज प्रयोगशाळांमध्ये माणसं निवडतात, तासन् तास बसवतात, त्यांचा सराव घेतात. त्या शास्त्राला संवेदी विश्लेषण म्हणतात. डोळा, नाक, जीभ, त्वचा, कान ही मोजमापाची साधनं मानायची, आणि कुठल्याही साधनासारखीच ती आधी पारखून, जुळवून घ्यायची, हा त्याचा पाया.

शास्त्र जन्मलं ते अन्नाच्या पोटी. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकी लष्कराला एक अडचण होती. डब्यातलं अन्न पौष्टिक असूनही सैनिक ते टाकून देत होते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस शिकागोतल्या लष्करी अन्नसंस्थेत डेव्हिड पेरियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ पायऱ्यांची एक पट्टी तयार केली. एका टोकाला 'अतिशय आवडलं', दुसऱ्या टोकाला 'अतिशय नावडलं', मधोमध 'आवडलंही नाही, नावडलंही नाही'. इतकी साधी पट्टी, पण तिच्यामुळं आवडनिवड आकड्यांत मांडता येऊ लागली. तिथून हे शास्त्र अत्तरं, कापड, गाडीतल्या आसनांपर्यंत पसरलं. शोभेच्या झाडांपर्यंत पोचायला मात्र त्याला बराच वेळ लागला. खरं तर झाडांनाच त्याची सगळ्यात जास्त गरज होती. भात शिजवून खाता येतो, क्रोटन कोणी खात नाही. ते डोळ्यांनीच घेतलं जातं आणि पुढं वर्षानुवर्षं डोळ्यांनीच भोगलं जातं. रोपवाटिकेत उंची, पानांची संख्या, फुलांचा व्यास मोजतात; गिऱ्हाईक पट्टी घेऊन येत नाही.

या शास्त्राची सगळी शिस्त एका गोष्टीवर उभी आहे. 'झाड कसं आहे?' आणि 'झाड आवडलं का?' हे दोन प्रश्न आहेत आणि ते एका माणसाला एका दमात विचारायचे नाहीत. पहिल्या प्रश्नाला थोडी पण सराव केलेली माणसं लागतात, दहा-बारा पुरतात. दुसऱ्याला पुष्कळ माणसं लागतात, आणि त्यांनी कसलाही सराव केलेला नसावा. आपण रोजच्या बोलण्यात दोन्ही प्रश्न एकात कालवतो. 'छान भरलेलं आहे' असं म्हणतो तेव्हा त्यातलं 'भरलेलं' हे झाडाबद्दल असतं आणि 'छान' हे आपल्याबद्दल.

आता पहिला प्रश्न घेऊ, कारण मला स्वतःला त्यातच सगळ्यात जास्त गोडी आहे. माणसं निवडायची. त्यांची रंगदृष्टी आधी तपासायची, कारण तांबडा-हिरवा नीट वेगळा न दिसणारी माणसं, विशेषतः पुरुष, आपल्याला वाटतात त्याहून जास्त आढळतात. मग त्यांच्यासमोर पुष्कळ निरनिराळी झाडं ठेवायची आणि सुचतील ते शब्द लिहायला सांगायचे. इथं मराठीच्या पोतडीतून काय काय निघेल! डेरेदार, शेलाटं, उफाड्याचं, पसरट, दाट, विरळ, झुपकेदार, लोंबतं, रोडावलेलं, एकांगी, टवटवीत, मलूल, तुकतुकीत, निस्तेज. मग चाळणी लावायची. 'सुंदर', 'देखणं', 'छान' हे शब्द बाहेर, कारण ते आवड सांगतात, झाड सांगत नाहीत. 'टवटवीत' आणि 'ताजं' यांत फरक आहे का, यावर वाद होऊ द्यायचा. फरक सापडला तर दोन्ही ठेवायचे, नाही सापडला तर एकच. 'दाट' आणि 'विरळ' ही एकाच रेघेची दोन टोकं, म्हणून एकच गुण धरायचा.

यानंतरचं काम सगळ्यात कठीण. प्रत्येक शब्दाचा अर्थ सगळ्यांनी मिळून ठरवायचा. डेरेदार म्हणजे काय? आंब्याला, वडाला आपण सहज डेरेदार म्हणतो. पण मराठीत डेरा म्हणजे ताक घुसळायचं मोठं, पोट सुटलेलं मातीचं भांडंही होतं आणि डेरा म्हणजे तंबूही. पॅनेलमधल्या एकीच्या डोळ्यांसमोर घाटदार गोलाई असेल, दुसरीच्या डोळ्यांसमोर खालपर्यंत उतरत आलेली सावलीची कनात. दोघी एकाच झाडाला डेरेदार म्हणतील आणि एकीनं ८ तर दुसरीनं ४ गुण दिले तर त्यात कोणाचीच चूक नसेल. म्हणून शब्द फोडावा लागतो. उंचीच्या मानानं रुंदी किती हा एक गुण. बाह्यरेषा किती गोल आणि अखंड हा दुसरा. सगळ्यात खालची फांदी कुंडीच्या काठापासून किती वर सुटते हा तिसरा. इतकं झालं की 'डेरेदार' हा शब्द यादीतून गेला तरी चालतो, कारण त्याच्या पोटातलं सगळं हाती आलेलं असतं.

मग टोकं बांधायची. दाटपणाच्या रेघेवर डावं टोक म्हणजे अमुक कुंडी, उजवं टोक म्हणजे तमुक कुंडी, असे प्रत्यक्ष नमुने समोर ठेवायचे. १९७०च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट स्टोन, जोएल सिडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी वर्णनात्मक पद्धत रूढ केली तिच्यात आकडेच नसतात. कागदावर १५ सेंटिमीटरची कोरी रेघ असते. पाहणाऱ्यानं तिच्यावर खूण करायची आणि नंतर ती पट्टीनं मोजायची. आकडा समोर आला की माणूस ५ आणि १० वर अडकतो. कोरी रेघ त्याला मोकळं ठेवते. शिवाय तेच झाड नव्या क्रमांकानं पुन्हा दाखवायचं. सोमवारी १२ सेंटिमीटरवर खूण करणारा माणूस गुरुवारी त्याच झाडाला ५ वर नेत असेल तर त्याचा डोळा अजून साधन झालेला नाही.

झाडांवर हे काम मन लावून झालं ते फ्रान्समधल्या आँजे शहरात. हा भागच फुलझाडांच्या शेतीचा. तिथल्या रशीद बुमाझा आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये गुलाबाच्या झुडपाच्या रूपाचं असं वर्णनात्मक चित्र मांडलं आणि पुढच्या वर्षी त्याला लोकांच्या पसंतीची जोड दिली. लक्षात घ्या, गुलाबाच्या फुलाचं नव्हे, झुडपाचं. फुलावर जगभर लिहिलं गेलं होतं. झुडूप कसं उभं राहतं, त्याच्यात किती पोकळी दिसते, फुलं त्यावर कशी विखुरलेली आहेत, याला कोणी नीट भाषा दिली नव्हती. २०१५च्या सुमारास मॉर्गन गार्बेझ आणि तिथल्याच मंडळींनी आणखी पुढं जाऊन संगणकावर गुलाबाची झुडपं रचली आणि ती पडद्यावर स्वतःभोवती फिरवून लोकांना दाखवली. काम एवढंच की सारखी वाटतील त्यांचे गट करायचे आणि प्रत्येक गटाला आपल्या शब्दांत नाव द्यायचं. भाजी निवडणाऱ्या कोणालाही जमेल असं हे काम आहे, पण त्यातून कोणती झुडपं डोळ्याला जवळची वाटतात आणि का, याचा नकाशा निघतो.

संगणकातली झुडपं का? कारण खरं झाड एका जागी थांबत नाही. आज कळी, उद्या फूल, परवा पाकळ्या खाली. तीच कुंडी दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवायची म्हटलं तर ती तीच उरलेली नसते. फिरवण्याचं कारण चाळीत राहिलेल्या माणसाला सांगावंच लागणार नाही. गॅलरीतली कुंडी कठड्याकडं, उजेडाकडं झुकते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला ती भरगच्च दिसते आणि घरातल्यांच्या वाट्याला तिची उघडी पाठ येते. एका बाजूनं काढलेला फोटो म्हणजे त्या झाडाची अर्धीच साक्ष.

आँजेतल्या या मालिकेचा मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. फांद्या किती, त्यांची लांबी किती, कोणत्या कोनात फुटल्या हे झाडाच्या शरीराचं मोजमाप, आणि 'दाट', 'उभट', 'एकांगी' हे डोळ्याचं मोजमाप. ही दोन मोजमापं त्यांनी एकमेकांशेजारी मांडली. ती जुळली की माळ्याला सांगता येतं: डोळ्याला अमुक हवं असेल तर शेंडा अमुक वेळी खुड. आईच्या 'भरलीय कुठं?'चा जबाब तिथं मिळतो.

उजेडाचं मात्र विसरून चालत नाही, आणि या बाबतीत गिरणगावाला शिकवावं असं फार थोडं आहे. लालबाग-परळच्या गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं आठवा. तिरप्या पत्र्यांच्या मध्ये उभ्या काचा, आणि त्या उत्तरेकडं तोंड करून. उत्तरेकडून थेट ऊन येत नाही, आकाशाचा थंड, सारखा उजेड येतो. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला सरकतो, पण त्यातला बराचसा काळ पावसाळी ढगांचा. साच्यावर तुटलेला धागा दिसायला आणि रंगाची छटा जुळवायला हाच उजेड लागतो. दोन कापडं दिव्याखाली एकरंगी दिसतात आणि दारात आणली की वेगळी निघतात, हे साडीला ब्लाउजपीस जुळवणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. पानाफुलांचंही तसंच. संध्याकाळी गाडीवर लावलेल्या दिव्याखाली हिरवंगार दिसलेलं रोप सकाळी पिवळट निघतं, यात दर वेळी फसवणूकच असते असं नाही. म्हणून संवेदी चाचणीच्या खोलीत दिवे ठरलेले असतात आणि मागची भिंत फिकी करडी असते.

भिंतीचाही वाटा मोठा. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगखात्याचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडं तक्रार आली की काळा रंग हवा तसा गडद उतरत नाही. त्यांनी रंग तपासला. रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळं काळा फिका भासत होता. १८३९मध्ये त्यांनी यावर मोठा ग्रंथ लिहिला. चाळीच्या हिरव्या ऑइलपेंटच्या भिंतीपुढं लाल जास्वंद जास्तच लाल का दिसते, याचं उत्तर त्यात आहे.

तीच जास्वंद तिन्हीसांजेला पाहावी. दिवे लागायच्या आधीच्या त्या दहा-पंधरा मिनिटांत लाल फूल काळवंडत जातं आणि भोवतीची पानं उलट उजळल्यासारखी वाटतात. शेजारी गोकर्ण असेल तर तिचा निळा अजून टिकून असतो. बोहेमियाचे यान पुर्किन्ये यांनी हे १९व्या शतकाच्या सुरुवातीला टिपलं. भर उजेडात डोळ्यातल्या शंकुपेशी काम करतात आणि त्या पिवळसर हिरव्याला, सुमारे ५५५ नॅनोमीटरला, सर्वांत तत्पर असतात. उजेड ओसरला की दंडपेशी सूत्रं हाती घेतात. त्यांची धाव ५०० नॅनोमीटरच्या आसपास, निळ्याकडं झुकलेली, आणि लाल त्यांना जवळजवळ दिसतच नाही. सकाळचा आणि संध्याकाळचा डोळा ही दोन वेगळी साधनं आहेत.

डोळा फसतो तसं मनही भरवसा देऊन फसवतं. 'नवीन खत घातलं तर पानं जास्त हिरवी होतात' असं कोणी म्हटलं तर आपल्याला ती हिरवी दिसूही लागतात. यावर उपाय इंग्लंडच्या रॉथॅमस्टेड शेती-संशोधन केंद्रातल्या एका चहाच्या पेल्यातून आला. कपात दूध आधी घातलं की चहा आधी, हे आपल्याला चवीवरून कळतं, असं तिथल्या एका बाईंचं म्हणणं. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आठ कप मांडायची कल्पना केली, चार असे आणि चार तसे, उलटसुलट क्रमानं. नुसत्या अंदाजानं आठही बरोबर येण्याची शक्यता ७०त १. १९३५च्या त्यांच्या ग्रंथामुळं ही गोष्ट जगभर गेली. झाडांसाठी त्रिकोणी चाचणी सोयीची: तीन कुंड्या, दोन एकाच खतावरच्या, एक वेगळी, वेगळी ओळखा. १२ जणांना विचारलं तर नुसत्या नशिबानं सरासरी ४ जण बरोबर येतात. निदान ८ जण बरोबर आले तरच फरक खरोखर दिसतो असं मानतात. ७ आले तर अजून थांबायचं. मात्र दोन रोपं कधीच हुबेहूब नसतात, म्हणून दर माणसाला वेगळ्या तीन कुंड्या द्याव्या लागतात. नाहीतर तो खत न ओळखता एखादी मोडकी फांदी ओळखतो.

आपल्याकडं वर्णनाची ही शिस्त कायद्यानंच आली आहे. पीक वाणांचं संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांसाठी २००१मध्ये झालेल्या कायद्याखाली गुलाबाचं किंवा शेवंतीचं नवं वाण नोंदवायचं तर तीन गोष्टी पाहतात: ते इतरांहून वेगळं आहे का, त्याची सगळी रोपं सारखी आहेत का, पिढ्यांमागून ते टिकतं का. रंग ठरवायला लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या रंगपट्ट्या पाकळीला लावतात. वाण देखणं आहे का, हा प्रश्न तिथं कोणी विचारत नाही, आणि ते योग्यच आहे. कायद्यानं पहिल्या प्रश्नापाशी थांबावं. दुसरा प्रश्न बाजार आणि बाग विचारतील.

बाग म्हणताना मला राणीचा बागच दिसतो. चिंचपोकळीहून आंबेडकर रस्त्यानं दक्षिणेला चालत निघालं की थोड्याच वेळात गाठता येतो. अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडियाची आधीची बाग शिवडीला होती. त्या जागी पुढं ख्रिस्ती दफनभूमी झाली. भायखळ्याची ही बाग १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते खुली झाली. आज ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे आणि तिथं दर हिवाळ्यात महापालिकेचं झाडाफुलांचं प्रदर्शन भरतं. लालबाग, परळ, भायखळ्याची कुटुंबंच्या कुटुंबं तिथं लोटतात. पोरं खांद्यावर, आजीचा हात धरलेला, आणि प्रत्येक कुंडीपाशी मतं.

फुलांच्या स्पर्धांत परीक्षणाची जुनी रीत म्हणजे गुणांची वाटणी. अमेरिकन रोझ सोसायटीच्या रीतीत गुलाबाच्या १०० गुणांपैकी घडणीला २५, रंगाला २०, देठ आणि पानांना २०, पाकळीच्या दळदारपणाला १५, तोल आणि प्रमाणबद्धतेला १० आणि आकारमानाला १०. रीत विचारपूर्वक बांधलेली आहे, पण दोन अडचणी उरतात. एक, माणूस खाती वेगळी ठेवू शकत नाही. १९२०मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी दाखवलं की वरिष्ठ अधिकारी एका गुणानं भारावला की त्याच सैनिकाला बाकीच्या गुणांतही वर नेतो. अपूर्व रंगाचा गुलाब समोर आला की त्याचा देठही सरळ वाटू लागतो. दुसरी अडचण बेरजेची. ८५ गुण कुठून आले हे ८५ सांगत नाही.

आणि आवडीची सरासरी तर त्याहून दगा देते. प्रदर्शनात बोन्सायच्या टेबलापाशी पाच मिनिटं उभं राहावं. एक जण वाकून वाकून पाहतो, वडाच्या पारंब्या हातभर उंचीत कशा आणल्या म्हणून थक्क होतो. मागून एक बाई हळहळते, "बिचारं झाड, वाढूच दिलं नाही." नऊ पायऱ्यांच्या पट्टीवर अर्ध्यांनी ९ आणि अर्ध्यांनी १ दिला की सरासरी ५ येते, म्हणजे 'आवडलंही नाही, नावडलंही नाही', आणि असं त्या टेबलापाशी एकालाही वाटलेलं नसतं. म्हणून पसंतीचं विश्लेषण करणारे आधी माणसांचे गट शोधतात आणि मग प्रत्येक गटाची आवड वर्णनाच्या नकाशावर ठेवून पाहतात: यांना दाट आणि गोल हवं, त्यांना मोकळं आणि उभट. माझं तर म्हणणं आहे की प्रत्येक प्रदर्शनात परीक्षकांच्या निकालाशेजारी पाहणाऱ्यांच्या पसंतीचा फळा असावा, आणि दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत. परीक्षकांचा सरावलेला डोळा झाड कसं आहे ते सांगेल, फळा शहराला काय आवडलं ते सांगेल. दोन्हींत अंतर निघालं तर तेच जाणून घेण्यासारखं.

पुढच्या प्रदर्शनाला जाल तेव्हा सकाळी लवकर जा, मांडवाबाहेरच्या मोकळ्या उजेडात कुंड्या बघता येतील तर उत्तमच. बक्षिसाची फीत दिसली की थॉर्नडाइकचा परिणाम आपल्यावरच होतो, म्हणून पहिल्या फेरीत चिठ्ठ्या आणि फिती पाहू नका. बरोबरच्या माणसाला आपलं मत सांगू नका, त्याचंही विचारू नका. शेवंतीच्या रांगेतून पाच कुंड्या निवडून प्रत्येकीसाठी कागदावर एक रेघ ओढा, एका टोकाला 'विरळ', दुसऱ्या टोकाला 'दाट', आणि खुणा करा. आवडली की नाही ते वेगळ्या कागदावर. मग चहा घ्या, गोरखचिंचेखाली थोडं बसा आणि दुसरी फेरी मारा, पण या खेपेस रांगेच्या उलट्या टोकाकडून, म्हणजे मघाशी शेवटी पाहिलेली कुंडी आता पहिली येईल.